वेणीचा पहिला पेड

घोडबंदर रोडला लागून थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला एक सोळा मजल्यांची बिल्डिंग दिसते. आता तिच्या मागेपुढे चाळीस-चाळीस मजल्यांचे काचेचे टॉवर उभे राहिलेत. त्यांची नावं इतकी परदेशी आहेत की तिथे राहणाऱ्यांनाही ती धड उच्चारता येत नाहीत. रिक्षावाल्याला मात्र 'वेणीला सोडा' म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही. वेणीच्या अलीकडे वळा, वेणीसमोरचा दवाखाना, वेणीवरून शेअर रिक्षा मिळेल. ठाण्याच्या त्या बाजूचे निम्मे पत्ते या एका बिल्डिंगवर टेकलेले आहेत.

गेटवरच्या पाटीवर तिचं नाव वेगळंच आहे, पण ते कुणी वाचत नाही. वेणी हे नाव लोकांनीच ठेवलं. साधं करडं काँक्रीट, ना रंग, ना नक्षी, ना कमानी. दर्शनी बाजूला फक्त बाल्कन्या. एका मजल्यावर डाव्या टोकाला, त्याच्या वरच्या मजल्यावर उजव्या टोकाला, परत डाव्या, परत उजव्या, अशा थेट गच्चीपर्यंत. लांबून पाहिलं की पाठीवर सोडलेली जाडजूड वेणी वाटते. खालचे तीन मजले तेवढे सरळ आहेत, तिथे सगळ्या बाल्कन्या डावीकडेच आहेत. गुंफण सुरू होते ती चौथ्यापासून.

या बिल्डिंगपायी मी आयुष्यभर जळलो. बिल्डिंगवर कसलं कुणी जळतं, असं ज्याला वाटत असेल त्याने माझ्यासारखी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून हयात घालवलेली नसणार. तिथे माणसं एकमेकांच्या पगारावर जळत नाहीत, एकमेकांच्या रेषांवर जळतात.

ठाण्यातल्या त्या ऑफिसात आम्ही दोघं डोंबिवलीचे होतो, मी आणि तो. एकाच आठवड्यात लागलो, शेजारी शेजारी टेबलं मिळाली. साहेब पेन्सिलने ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढायचे. आम्ही त्यावर कोरा ट्रेसिंग पेपर ठेवायचा, खालची पेन्सिल वर दिसायची, ती शाईने गिरवायची. मग स्टेन्सिल लावून अक्षरं टाकायची, कोपऱ्यातल्या चौकटीत आपली आद्याक्षरं घालायची आणि अमोनिया प्रिंट, म्हणजे कागदावरची नक्कल, काढून साइटवर पाठवायची. हे वाचायला सोपं वाटतं. शाईचा एक ठिपका सांडला तर ब्लेडने असा खरवडावा लागे की पेपर फाटता कामा नये. माझ्या शीटवर खरवडल्याची खूण साहेबांनाही सापडायची नाही. माझं अक्षर ऑफिसात सगळ्यांत सुबक होतं, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, नवीन पोरांना माझीच शीट दाखवली जायची. त्याची रेष मात्र जेमतेम. कधी जाड, कधी बारीक, आणि महिन्यातून एकदा तरी तो शाईची बाटली लवंडवायचाच.

वेणीचं काम सुरू झालं तेव्हा तिचं नाव वेणी नव्हतं, कारण मूळ नकाशात सोळाच्या सोळा मजल्यांना बाल्कन्या डावीकडेच होत्या. आमच्या साहेबांचा नियम होता की प्रत्येक स्लॅबची वेगळी शीट काढायची, एकच शीट सगळ्या मजल्यांना लावायची नाही. तीन मजले उठले. मधे माझा साखरपुडा ठरला, कल्याणला, मुलीकडे. तो उरकून आईवडिलांना घेऊन कोकणात कुलदैवताला जाऊन यायचं म्हणून मी आठ दिवस रजेवर गेलेलो.

परत आलो तर ऑफिसात दुसरंच वारं. दर्शनी बाजू बदलली होती. चौथ्या मजल्यापासून बाल्कन्या आलटून पालटून जाणार होत्या आणि ही कल्पना त्याची होती. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, शाई सांडणाऱ्या माणसाची. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "याला डोळा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुला हात आहे. आता बारा मजले नीट गिरव."

ते वाक्य मी चाळीसएक वर्षं चघळतोय. त्याला डोळा आणि मला हात. म्हणजे त्याने बघायचं आणि मी राबायचं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी बारा मजले गिरवले, एकही ठिपका न सांडता गिरवले, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागलो. तो डबा उघडून 'घे ना' म्हणायचा, मी 'उपास आहे' म्हणायचो. एका आठवड्यात माझे चार चार उपास व्हायला लागले.

बिल्डिंग उठली तेव्हा आजूबाजूला शेतं होती, लांबवर गावातलं चर्च दिसायचं, आणि मधे ही एकटी उभी. खाडीपलीकडून दिसायची, हायवेवरून दिसायची. लोक मुद्दाम बस पकडून बघायला यायचे. कुणाच्या तरी कॅलेंडरवर तिचा फोटो आला, लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीच्या मागे ती दिसायला लागली. साहेबांचं नाव झालं. तो साहेबांचा उजवा हात झाला, पुढे स्वतःचं छोटं ऑफिस काढलं आणि वेणीतच नवव्या मजल्यावर घर घेतलं. मी कॉम्प्युटर आल्यावर चाळिशीत माउस धरायला शिकलो, पोरांच्या शिव्या खाल्ल्या आणि निवृत्त झालो. राहतो डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या गॅलरीतून समोरच्यांच्या स्वयंपाकघरात आज कुठली भाजी आहे ते दिसतं.

आता मुख्य गोष्ट सांगायलाच हवी. लग्न झाल्यावर पहिल्या रविवारी मी बायकोला बिल्डिंग दाखवायला नेलं. म्हटलं, "हे आमचं काम." तिने मान वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही वेणी तुम्ही काढलीत?" बहुधा तिनेच पहिल्यांदा वेणी म्हटलं असावं, पण असा दावा करणारे ठाण्यात पुष्कळ आहेत. मी नाही म्हणालो नाही. हसलो फक्त. नवी बायको कौतुकाने बघत असताना 'माझ्या शेजारच्याने काढली' असं म्हणायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं.

पुढे 'आमचं'चं 'माझं' झालं. मुलगी झाली, ती बसच्या खिडकीतून बोट दाखवून 'बाबांची बिल्डिंग' म्हणायला लागली. शाळेत तिने त्यावर निबंध लिहिला. मोठी झाल्यावर तिने एकदा विचारलं की मग पेपरात तुझं नाव का नाही येत, दुसऱ्याच कुणाचं येतं. त्या दिवशी मी अगदी शांतपणे सांगितलं, "ऑफिसात एक होता, साहेबांच्या पुढे पुढे करणारा. त्याने माझी आयडिया ढापली." बोलून झाल्यावर वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढची वीस-पंचवीस वर्षं मी ते अधूनमधून सांगत राहिलो, आणि दर वेळी त्यात एखादी नवी गोष्ट घालत गेलो. त्याचा आवाज काढून दाखवायचो. घरात हशा पिकायचा.

गेल्या वर्षी वेणीच्या सोसायटीने ठरवलं की बिल्डिंग बांधणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांचा सत्कार करायचा. माझ्या मुलीची एक मैत्रीण तिथे राहते. मुलीने कमिटीला जाऊन ठणकावून सांगितलं की या बिल्डिंगचा खरा कर्ता डोंबिवलीत बसलाय, त्याच्यावर अन्याय झालाय आणि आता तरी तो दूर करा. मला कमिटीचा फोन आला. रविवारी संध्याकाळी, खालच्या आवारात मांडव, शाल, श्रीफळ आणि माझं भाषण. फोन ठेवला आणि तो मांडव डोळ्यांसमोर आला. पहिल्या रांगेत नवव्या मजल्यावरचा माणूस बसणार, आणि त्याच्या शेजारी माझी मुलगी, मान ताठ करून.

आजारी पडायचा विचार केला. पण आजारपणाला मुलगी डॉक्टर घेऊन आली असती. आधी त्याला भेटून काय ते कबूल करून टाकावं, असं मी शुक्रवारी ठरवलं. कबूल करायला जात होतो असं मी म्हणतो, पण खरं म्हणजे तो गप्प बसायला तयार होतो का, ते बघायला जात होतो.

लिफ्टमधून नवव्या मजल्यावर आलो. त्याच्या बायकोने दार उघडलं, "या भाऊजी, किती वर्षांनी," म्हणाली आणि थेट बाल्कनीत बसवलं. टॉवरांच्या फटीतून येऊरच्या डोंगराची एक हिरवी पट्टी दिसत होती आणि वारा असा की पेपर हातात धरवत नव्हता. कुंड्यांत अबोली फुललेली. मला बसायला दिलेली वेताची खुर्चीसुद्धा माझ्या घरातल्या सगळ्या खुर्च्यांपेक्षा चांगली होती. माफी मागायला आलेला माणूस खुर्चीचा वेत चाचपत बसला होता, हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

तो आला. केस गेलेत, आवाज तसाच मऊ. मी हवापाण्यावर बोललो, ट्रॅफिकवर बोललो, मग म्हणालो की सोसायटीवाल्यांचा फोन आलेला.

"माहितीये," तो म्हणाला. "कमिटीने आधी मलाच विचारलं. मी म्हटलं बरोबर आहे, त्याचाच करा. तुझीच आहे ती."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. थट्टेचं चिन्ह नव्हतं. खरं सांगतो, अर्धं मिनिट मला वाटलं की मी घरात सांगत आलो तेच खरं होतं आणि मीच विसरून गेलेलो. छाती फुगली. त्याला माफ करून टाकावं असाही विचार आला.

तो आत गेला आणि पुठ्ठ्याची एक नळी घेऊन आला. तिच्यातून त्याने जुनी अमोनिया प्रिंट काढली, तपकिरी पडलेली, कडांना चिरा गेलेल्या. चारही कोपऱ्यांवर कपबशा, वाटी, चष्म्याचं घर ठेवून त्याने ती टीपॉयवर पसरली. चौथ्या मजल्याचा स्लॅब. अक्षर माझं. कोपऱ्यातल्या चौकटीत आद्याक्षरं माझी, तारीख रजेवर जायच्या आदल्या दिवसाची. आणि बाल्कनी उजवीकडे.

मला समजायला वेळ लागला नाही. साहेबांची पेन्सिलची शीट ट्रेसिंग पेपरची, दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी. त्यावर अजून अक्षरं पडलेली नव्हती. घाईत मी ती पालथी ठेवली आणि पालथी गिरवली. खांब, जिना, लिफ्ट दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे काही खटकलं नाही. फक्त बाल्कनी इकडची तिकडे गेली. वर मी सुबक अक्षरं टाकली, प्रिंट काढायला दिली आणि साखरपुड्याला निघून गेलो. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. शाई सांडली तर दिसते. पालथी शीट कुणालाच दिसत नाही, जितकी सफाई जास्त तितकी कमी दिसते.

बाकीचं मी त्याच्याकडून एकेक करून काढून घेतलं. तो साइटवर गेला तेव्हा स्लॅब आदल्याच दिवशी ओतून झाला होता. मुकादमाला झापायला त्याने तोंड उघडलं तर मुकादमाने ही प्रिंट पुढे केली. त्याने ती घडी करून पिशवीत टाकली आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. "बघत बसलेलो," तो म्हणाला. "तोडायचा म्हटला तर साहेब पहिलं तुलाच काढणार. आणि बघता बघता वाटलं, अरे, वाईट नाही दिसत. पुढचा परत डावीकडे घेतला तर?"

तिथून तो ऑफिसात गेला आणि साहेबांना सांगितलं की चौथ्या मजल्याची बाल्कनी आपणच साइटवर तोंडी सांगून फिरवली. साहेबांनी त्याला तासभर फाडून खाल्लं, पिशवी उचल आणि चालता हो म्हणाले. मग रागारागात स्वतः गाडी काढून साइटवर गेले, रस्त्यापलीकडे उभे राहिले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले की चौथ्यापासून बदलत जा. रेकॉर्डला राहावी म्हणून चौथ्याची शीट त्याने स्वतःच्या हाताने नव्याने काढली, त्याच्या त्या जाड-बारीक रेषेत. खालचे तीन मजले सरळ का, हा प्रश्न मी, ते आधीच उठले होते हे ठाऊक असूनही, आयुष्यभर त्याची अक्कल काढण्यासाठी विचारत आलो होतो. 'विसरला असेल,' असं म्हणून घरात टाळी घेत आलो होतो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुझा साखरपुडा होता. म्हटलं आल्यावर सांगू, हसू दोघं. पण तू आलास तो तोंड फिरवूनच आलास." त्याने प्रिंट परत गुंडाळायला घेतली. "मग राहूनच गेलं रे. पण तू चुकला नसतास तर ही वेणी नसती. म्हणून म्हटलं, सत्कार तुझाच."

त्यात टोमणा असता तर मी सुटलो असतो. टोमणा नव्हता. हीच त्याची गोष्ट मला कधी सहन झाली नाही. मला वाटायचं मी त्याच्या डोळ्यावर जळतोय, त्याच्या नवव्या मजल्यावर, त्याच्या वाऱ्यावर. खाली उतरताना कळलं की ते सगळं परवडलं असतं.

शनिवारी सकाळी मुलगी डोंबिवलीला आली. माझ्यासाठी नवा झब्बा आणला होता, सत्कारात घालायला. मला उभं करून ती बाह्यांची लांबी बघत होती, आणि ती पाठीमागे आहे, तोंड दिसत नाही, तेवढ्यात मी सांगायला सुरुवात केली. पालथी शीट सांगितली, चहाची टपरी सांगितली, साहेब सांगितले. ढापल्याची गोष्ट मी रचलेली होती, हेही सांगितलं. बायको कपडे वाळत घालत होती, तिचा हात थांबलेला मला दिसला. मग मी मुलीसमोरच कमिटीला फोन लावला आणि म्हणालो की शाल नवव्या मजल्यावर द्या, मी खाली बसून टाळ्या वाजवीन. कमिटीतल्या बाई माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करायला लागल्या, तेव्हा फोन ठेवून दिला.

मुलीने झब्ब्याची घडी घातली, मोडली, परत घातली. तिच्या लहानपणापासून मी ज्या माणसाचा आवाज काढून तिला हसवलं होतं, त्याच्याविषयी ती विचार करत असणार.

शेवटी तिने विचारलं, "बाबा, चूक त्यांची असती आणि ती प्रिंट तुला सापडली असती, तर तू काय केलं असतंस?"

"हेच," मी म्हणालो. "हेच केलं असतं."

तिला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून तिने मान डोलावली. मी ती प्रिंट घेऊन सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो असतो, आणि बाहेर सगळ्यांना ऐकू जावं म्हणून दार मुद्दाम उघडं ठेवलं असतं.